शिंबावंत पिकांचे पोषण

शिंबावंत पिकांचे पोषण : (खते व पर्णपोषण). तूर, हरभरा, मूग, उडीद, मसूर, वाटाणा, चवळी, कुळीथ, वाल इ. कडधान्ये, तसेच भुईमूग व सोयाबीन ही गळिताची पिके लेग्युमिनोजी (शिंबावंत) कुलातील पॅपिलिऑनेटी उपकुलात मोडतात. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करतात व तो पिकाला उपलब्ध होतो. त्यामुळे या पिकांना खत देण्याचा प्रश्न तृणधान्यांहून मुळातच वेगळा आहे. ज्वारी किंवा गहू यांना दिलेले खत पिकाच्या थेट उपयोगी पडते. शिंबावंत पिकाच्या बाबतीत मात्र दिलेल्या खताचा जंतूंच्या कार्यावर काय परिणाम होईल, हे आधी पाहावे लागते. काही खते हे कार्य वाढवितात, काही ते मंदावतात. ‘कडधान्याला खत लागत नाही’ हा जुना समज आणि ‘इतर पिकांप्रमाणे युरिया दिला की कडधान्यही वाढते’ ही नवी प्रवृत्ती ही दोन्ही टोके या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे निर्माण झालेली आहेत. पानांवर फवारून पोषकद्रव्ये देण्याच्या पद्धतीचे (पर्णपोषणाचे) मूल्यही याच दृष्टीने करावे लागते.

इतिहास : शिंबावंत पिकानंतर घेतलेले तृणधान्य जोमदार येते, हा अनुभव प्राचीन काळापासून शेतकऱ्यांना आहे. आधीच्या पिकाचा जमिनीवर व पुढील पिकावर राहणारा परिणाम महाराष्ट्रात ‘बेवड’ या नावाने ओळखला जातो व कडधान्याचा बेवड चांगला मानला जातो. या अनुभवाचे कारण शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न फ्रेंच शास्त्रज्ञ झां बातीस्त बूसँगो यांनी १८३८ च्या सुमारास केला. क्लोव्हर व वाटाणा या पिकांत बियाणे व माती यांतून मिळालेल्या नायट्रोजनापेक्षा अधिक नायट्रोजन भरतो, तर गव्हात तसे होत नाही, असे त्यांना आढळले. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉझ, गिल्बर्ट व प्यू यांनी १८५७–५८ मध्ये हा प्रश्न अतिशय काटेकोर प्रयोगांनी तपासला. परंतु त्यांनी प्रयोगासाठी वापरलेली माती तापवून घेतलेली असल्यामुळे तीतील जंतू नाहीसे झाले होते व प्रयोगाचा निष्कर्ष नकारार्थी आला. अखेर १८८६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्‌रीगेल व विल्फार्थ यांनी मुळांवरील गाठी व त्यांतील जंतू यांच्यामुळेच हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण होते, हे दाखवून दिले. १८८८ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी हे जंतू वेगळे केले व १८९६ मध्ये जर्मनीत नोबे व हिल्टनर यांनी जंतूंच्या संवर्धनाचे एकस्व (पेटंट) घेतले. पर्णपोषणाचा इतिहास याहून जुना आहे. लोहाच्या अभावी पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाच्या लवणाचा विद्राव लावल्यास ती हिरवी होतात, असे फ्रान्समध्ये ग्री यांनी १८४४ च्या सुमारास दाखविले होते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात ट्यूकी व विटवर यांनी किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या साहाय्याने पानांवर पडलेली पोषकद्रव्ये वनस्पतीच्या इतर भागांत जातात, हे निर्विवादपणे सिद्ध केले.

सहजीवनाचे कार्य : जमिनीतील जंतू कोवळ्या मूलरोमांतून मुळात शिरतात व तेथे गाठ तयार होते. गाठीतील जंतूंना वनस्पती शर्करेपासून बनलेली कार्बनी अम्ले पुरविते आणि जंतू वनस्पतीला अमोनिया देतात. हे काम नायट्रोजनेज या एंझाइमाकडून होते. या एंझाइमात लोह व मॉलिब्डेनम असतात. त्याचे कार्य ऑक्सिजनाच्या अधिक प्रमाणाने बंद पडते. म्हणून गाठीत लेगहीमोग्लोबिन हे लाल रंगाचे द्रव्य ऑक्सिजनाचे नियमन करते. नायट्रोजनाच्या एका रेणूचे अमोनियात रूपांतर होण्यासाठी एटीपीचे (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेटाचे) किमान १६ रेणू खर्च होतात. याचा अर्थ असा की, हवेतील नायट्रोजन पिकाला फुकट मिळत नाही. त्यासाठी प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा द्यावा लागतो व फॉस्फरसाची गरजही वाढते.

प्रत्येक पिकाचे जंतू ठराविक असतात. हरभऱ्याचे जंतू सोयाबीनला चालत नाहीत. वाटाणा व मसूर यांचा एक गट आहे, तर तूर, मूग, उडीद, चवळी व भुईमूग यांना चवळी गटातील जंतू उपयोगी पडतात. ज्या जमिनीत पूर्वी ते पीक घेतलेले नाही, तेथे बियाण्यास योग्य जंतूंचे संवर्धन चोळून पेरणी करणे विशेष फायद्याचे असते. सोयाबीनसारख्या बाहेरून आलेल्या पिकाला प्रारंभी हे अत्यावश्यक ठरले. बियाण्यास बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावून शेवटी जंतूंचे संवर्धन लावतात, सावलीत सुकवितात व लगेच पेरणी करतात. गाठी काम करीत आहेत की नाही, हे शेतातच पाहता येते. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप मुळांसकट हलकेच खणून काढून गाठ कापली असता ती आत गुलाबी वा लालसर दिसल्यास कार्यक्षम असते; पांढरी, हिरवट किंवा करडी दिसल्यास ती निरुपयोगी समजावी.

नायट्रोजनयुक्त खते : बियांतील साठा उगवणीनंतर सु. दोन आठवड्यांत संपत येतो व गाठींचे कार्य नीट सुरू होण्यास तीन ते चार आठवडे लागतात. या मधल्या काळात रोपाची नायट्रोजनाच्या बाबतीत उपासमार होण्याचा संभव असतो. म्हणून पेरणीच्या वेळी नायट्रोजनाची अल्प मात्रा देतात. महाराष्ट्रात तूर, हरभरा व भुईमूग यांसाठी दर हेक्टरी २५ किग्रॅ. नायट्रोजन व ५० किग्रॅ. फॉस्फेट देण्याची शिफारस सर्वसाधारणपणे करण्यात येते. मूग व उडीद यांसारख्या अल्प मुदतीच्या पिकांना याहून थोडी कमी व सोयाबीनला थोडी अधिक मात्रा सुचविली जाते.

यापेक्षा पुष्कळ अधिक नायट्रोजन दिल्यास जमिनीतील नायट्रेटाचे प्रमाण वाढते. नायट्रेट मुळांना आयते मिळू लागले की, मूलरोमांतून जंतूंचा प्रवेश कमी होतो, नव्या गाठी थोड्या येतात व असलेल्या गाठींना होणारा शर्करेचा व ऑक्सिजनाचा पुरवठा घटतो. म्हणजे वरून दिलेल्या नायट्रोजनाच्या बदल्यात पीक स्वतः मिळविणार असलेला नायट्रोजन काही अंशी सोडून देते. खर्च वाढतो, परंतु पिकाला मिळणारा एकूण नायट्रोजन त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय पालेदार वाढ अधिक होते, फुलोरा लांबतो, पीक लोळते व दाट पाल्यात कीड आणि रोग यांना आश्रय मिळतो. ओलिताच्या हरभऱ्यात हा दोष स्पष्टपणे दिसतो. मात्र जमीन फार हलकी व सेंद्रिय द्रव्य अत्यल्प असेल किंवा गाठी आलेल्याच नसतील, तर नायट्रोजनाला पीक चांगला प्रतिसाद देते. घेवड्याच्या अनेक प्रकारांत (उदा., राजमा) नायट्रोजनाचे स्थिरीकरण मुळातच दुर्बल असते व त्या पिकाला तृणधान्याप्रमाणे नायट्रोजन द्यावा लागतो. सर्व शिंबावंत पिकांना एकच नियम लावता येत नाही, तो यामुळे.

फॉस्फरस : गाठींतील ऊर्जेची देवघेव फॉस्फरसाच्या संयुगांमार्फत होत असल्यामुळे या पिकांच्या पोषणात फॉस्फरसाचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच्या पुरवठ्याने मुळे खोल जातात, गाठींची संख्या व वजन वाढते आणि पीक एकसारखे पक्व होते. तथापि दिलेल्या फॉस्फरसाचा अल्प भागच पहिल्या हंगामात पिकाला मिळतो; चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याची कॅल्शियमाशी व जांभ्या आणि तांबड्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी अविद्राव्य (न विरघळणारी) संयुगे बनतात. शिवाय फॉस्फेट जमिनीत फारसे हलत नाही. म्हणून ते शेतात फेकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली व किंचित बाजूस पेरून देणे श्रेयस्कर असते. उभ्या पिकात पृष्ठभागावर टाकलेले फॉस्फेट मुळांपर्यंत पोहोचत नाही.

काही शिंबावंत पिके स्वतःच बद्ध फॉस्फरस मोकळा करतात. हरभऱ्याच्या मुळांतून स्रवणाऱ्या कार्बनी अम्लांमुळे चुनखडीच्या जमिनीतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळते. तुरीच्या मुळांतील पिसिडिक अम्ल लोहाशी बद्ध झालेले फॉस्फेट सोडविते, असे हैदराबादजवळील पटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत (इक्रिसॅट) झालेल्या संशोधनातून १९९० मध्ये पुढे आले. तांबड्या जमिनीत इतर पिकांइतका प्रतिसाद तूर फॉस्फेटाला का देत नाही, याचा उलगडा त्यामुळे झाला. अशा पिकानंतर येणाऱ्या तृणधान्यालाही या मोकळ्या झालेल्या फॉस्फरसाचा काही लाभ मिळू शकतो.

गंधक, कॅल्शियम व पोटॅशियम : प्रथिनांतील सिस्टीन व मिथिओनीन ही ॲमिनो अम्ले बनण्यास गंधक लागतो. कडधान्यांच्या प्रथिनांत मिथिओनीन मुळातच कमी असल्यामुळे गंधकाची उणीव दाण्याच्या पोषणमूल्यावरही परिणाम करते. फॉस्फेट कोणत्या खतातून दिले, यावर गंधकाचा पुरवठा अवलंबून असतो. हेक्टरी ५० किग्रॅ. फॉस्फेट सिंगल सुपरफॉस्फेटातून (फॉस्फेट १६%) देण्यास सु. ३१२ किग्रॅ. खत लागते व त्याबरोबर सु. ३४ किग्रॅ. गंधक आणि पुष्कळसे कॅल्शियम आपोआप जमिनीत जाते. तितकेच फॉस्फेट डायअमोनियम फॉस्फेटातून (डीएपी, नायट्रोजन १८%, फॉस्फेट ४६%) दिल्यास सु. १०९ किग्रॅ. खत पुरते व वाहतूक स्वस्त पडते. पण गंधक मुळीच मिळत नाही. सुपरफॉस्फेट व अमोनियम सल्फेट मागे पडून डीएपी व युरिया यांचा वापर वाढत गेल्यावर अनेक जमिनींत गंधकाची उणीव जाणवू लागली, हे त्यामुळे स्वाभाविक होते.

भुईमुगाला कॅल्शियमाची विशेष गरज असते. त्याच्या शेंगा जमिनीत वाढतात व त्यांना लागणारे कॅल्शियम त्या सभोवतालच्या मातीतून थेट घेतात. ते कमी पडल्यास शेंगा पोचट राहतात. म्हणून हेक्टरी ४०० किग्रॅ. जिप्सम देण्याची शिफारस असून त्यातील निम्मे पेरणीच्या वेळी व निम्मे आऱ्या सुटताना ओळींलगत देऊन मातीत मिसळतात. पोटॅशियम पर्णरंध्रांचे नियमन करीत असल्यामुळे पाण्याचा ताण सोसण्यास मदत करते. काळ्या जमिनीत ते बहुधा भरपूर असते. कोकणातील जांभ्या व अन्यत्र हलक्या, वालुकामय जमिनींत ते द्यावे लागते.

सूक्ष्म मूलद्रव्ये : मॉलिब्डेनम हा नायट्रोजनेजाचा घटक असल्याने त्याच्या अभावी गाठी असूनही स्थिरीकरण होत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्लोव्हरची कुरणे फॉस्फेट देऊनही खुरटी राहत होती. १९४२ मध्ये ए. जे. अँडरसन यांनी हेक्टरी काही ग्रॅम मॉलिब्डेनम देताच तेथील क्लोव्हर जोमाने वाढू लागतो, असे दाखविले. अम्लधर्मी जमिनीत हे मूलद्रव्य अनुपलब्ध होते व चुना दिल्यास ते मोकळे होते. काळ्या जमिनीत त्याची उणीव क्वचितच असते. जंतूंना अत्यल्प प्रमाणात कोबाल्टही लागतो. चुनखडीच्या जमिनीत याउलट जस्त व लोह यांची टंचाई असते. भुईमूग व सोयाबीन यांची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडणे हे लोहाच्या उणिवेचे नेहमीचे लक्षण होय. बोरॉनाच्या अभावी भुईमुगाचा दाणा आतून पोकळ व काळपट होतो. मात्र बोरॉनाची किंचित अधिक मात्राही विषारी ठरते.

पर्णपोषण : पानाच्या बाह्य त्वचेतून व काही अंशी पर्णरंध्रांतून विद्रावातील पोषकद्रव्ये आत जातात. युरियाचा रेणू विद्युत्‌ भाररहित असल्यामुळे तो विशेष जलद शोषला जातो. जमिनीत बद्ध होणे, झिरपून जाणे किंवा ओलीअभावी अनुपलब्ध राहणे हे दोष या पद्धतीत टळतात, हा तिचा मुख्य गुण होय. शिंबावंत पिकांच्या बाबतीत तिला आणखी एक आधार आहे. शेंगा भरू लागल्या की तयार होणारी शर्करा शेंगांकडे वळते, गाठींना अन्न अपुरे पडते व त्यांचे कार्य मंदावते. नेमक्या याच वेळी दाण्यातील प्रथिनासाठी नायट्रोजनाची मागणी कमाल असते. ही मागणी भागविण्यासाठी पीक पानांतील नायट्रोजन काढून दाण्यांना देते, त्यामुळे पाने लवकर पिवळी पडतात व प्रकाशसंश्लेषण थांबते. सिंक्लेअर व डी व्हिट यांनी १९७५–७६ मध्ये सोयाबीनच्या संदर्भात हा विचार मांडला व पिकाच्या या वर्तनाला ‘आत्मनाश’ असे म्हटले.

या विचाराशी सुसंगत असा प्रयोग अमेरिकेतील आयोवा राज्यात गार्सिया व हॅनवे यांनी केला. दाणे भरण्याच्या काळात नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम व गंधक यांचे १०:१:३:०·५ या प्रमाणातील मिश्रण पानांवर अनेकदा फवारल्यास सोयाबीनचे उत्पादन लक्षणीय वाढते, असे त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. या निष्कर्षाने मोठी अपेक्षा निर्माण झाली व नंतरच्या काही वर्षांत ठिकठिकाणी तसेच प्रयोग करण्यात आले. बहुतेक ठिकाणी वाढ आढळली नाही. काही ठिकाणी पाने करपून उत्पादन घटले. पर्णपोषणाचे तत्त्व खोटे नव्हे. परंतु ज्या शेतात जमिनीतून व गाठींतून पुरेसे पोषण मिळत आहे, तेथे त्याचा लाभ दिसत नाही, असा बोध यातून मिळाला.

भारतातील परिस्थिती काही बाबतींत भिन्न आहे. रब्बी हंगामातील कोरडवाहू हरभरा जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतो. तो फुलोऱ्यावर येईपर्यंत वरचा थर सुकून जातो. गाठी बव्हंशी याच थरात असतात व खतही तेथेच पडून राहते. अशा वेळी फुलोऱ्याच्या प्रारंभी व त्यानंतर १० ते १५ दिवसांनी युरियाच्या २% विद्रावाची फवारणी करण्याची शिफारस आहे. दुसरे उदाहरण तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे आहे. तेथे भात कापण्यापूर्वी सात ते दहा दिवस उभ्या पिकात उडीद किंवा मूग फोकतात. नांगरट होतच नसल्यामुळे खत पेरून देणे शक्य नसते. म्हणून फुलोऱ्यात व त्यानंतर पंधरा दिवसांनी डीएपीच्या २% विद्रावाची फवारणी करतात. डीएपी आदल्या रात्री पाण्यात भिजवून सकाळी वरची निवळी वापरतात. कोकणात भातानंतर उरलेल्या ओलीवर घेतला जाणारा वाल व पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत फोकली जाणारी लाखोळी यांची परिस्थितीही बरीचशी अशीच असते.

तथापि फवारणीने किती पोषण मिळू शकते, याचे गणित मांडणे आवश्यक आहे. हेक्टरी ५०० लि. पाण्यात २% युरिया म्हणजे १० किग्रॅ. युरिया, अर्थात ४·६ किग्रॅ. नायट्रोजन होय. हरभऱ्याच्या एक टन दाण्यात सु. ३५ किग्रॅ. नायट्रोजन असतो. फवारलेला सर्व नायट्रोजन पानांत शिरून दाण्यातच गेला, असे मानले तरी त्यातून सु. १३० किग्रॅ. दाण्यांची गरज भागेल. कोरडवाहू पिकात ही भर उपेक्षणीय नाही. परंतु ती पिकाच्या मुख्य पोषणाची जागा घेऊ शकत नाही. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली मान्यता मिळालेल्या द्रवरूप नॅनो युरियाबाबतही हाच हिशेब लागू पडतो. प्रारंभीच्या ४% नायट्रोजन असलेल्या द्रवाच्या ५०० मिलि. बाटलीत सु. २० ग्रॅ. नायट्रोजन असतो, तर युरियाच्या ४५ किग्रॅ. गोणीत तो सु. २०·७ किग्रॅ. असतो. दाण्यातील प्रथिनासाठी लागणारा नायट्रोजन इतक्या अल्प द्रव्यातून येऊ शकत नाही. अशा फवारणीनंतर उत्पादन वाढलेले दिसल्यास त्याचे कारण अन्यत्र शोधावे लागेल.

याउलट सूक्ष्म मूलद्रव्यांची एकूण गरज हेक्टरी काही ग्रॅम ते काही शे ग्रॅम इतकीच असल्यामुळे ती फवारणीने बरीचशी भागविता येते. चुनखडीच्या जमिनीत घातलेले फेरस सल्फेट लगेच अविद्राव्य बनते. तेथे त्याचा ०·५% विद्राव थोड्या सायट्रिक अम्लासह फवारणे हाच सोयीचा मार्ग आहे. जस्तासाठी झिंक सल्फेटाचा ०·५% विद्राव निम्म्या प्रमाणातील चुन्याच्या निवळीबरोबर वापरतात. कॅल्शियमाची गोष्ट वेगळी आहे. पानांत शिरलेले कॅल्शियम तेथून इतर अवयवांत जवळजवळ जात नाही. म्हणून पोचट शेंगांवर उपाय म्हणून भुईमुगाच्या पानांवर केलेली कॅल्शियमाची फवारणी व्यर्थ ठरते.

फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, पानांवर विद्राव काही वेळ ओला राहील अशा हवेत करतात. विद्राव तीव्र झाल्यास पानांच्या कडा करपतात. युरियात बाययुरेटाचे प्रमाण अल्प असणे आवश्यक असते. फॉस्फेट व जस्त किंवा लोह यांची लवणे एकत्र केल्यास साका बसतो. म्हणून ती एकाच टाकीत मिसळत नाहीत. पाण्याच्या तीव्र ताणाने कोमेजलेल्या पिकाची पाने पोषकद्रव्ये नीट शोषून घेत नाहीत. त्यामुळे फवारणी ताण पराकोटीस जाण्यापूर्वी करावी लागते.

जमिनीवर होणारा परिणाम : शिंबावंत पीक जमिनीत नायट्रोजनाची भर घालते, हे विधान सरसकट खरे नाही. पिकाने हवेतून घेतलेला नायट्रोजन आणि शेताबाहेर नेलेला नायट्रोजन यांतील फरकावर ते अवलंबून असते. हेक्टरी २ टन दाणे देणाऱ्या सोयाबीनच्या पिकात जमिनीवरील भागात सु. १६० किग्रॅ. नायट्रोजन असतो. त्यातील निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे सु. ९० किग्रॅ., हवेतून आला असे धरल्यास व दाण्यांबरोबर सु. १२५ किग्रॅ. बाहेर गेल्यास जमिनीला ३५ किग्रॅ. तूट येते. मुळे व गाठी यांतील नायट्रोजन धरल्यास ही तूट बरीच भरून निघते. परंतु मोठी शिल्लक उरत नाही. तुरीची पाने पक्व होताना शेतातच गळतात व मुळे खोल जाऊन मागे राहतात. शेंगा तोडल्यावर मुगाचे पीक जमिनीत गाडता येते. अशा पिकांनंतर जमिनीला खरोखर लाभ होतो. भुईमूग किंवा हरभरा समूळ उपटून पाला व भुसा गुरांसाठी नेला आणि त्याचे शेणखतही परत आले नाही, तर बेवडाचा लाभ पुष्कळसा नाहीसा होतो. पेरणीच्या वेळी युरियाची मोठी मात्रा दिल्यास हवेतून येणारा वाटा कमी होऊन ही तूट आणखी वाढते.

खतांचा दीर्घकालीन परिणाम समजण्यास अनेक वर्षे चालणारे प्रयोगच उपयोगी पडतात. भारतात १९७०–७१ पासून सुरू झालेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांच्या मालिकेत जबलपूर येथे काळ्या व रांची येथे तांबड्या, अम्लधर्मी जमिनीत सोयाबीन–गहू ही फेरपालट चालू आहे. रांची येथे केवळ नायट्रोजनयुक्त खत देत राहिलेल्या वाफ्यांत जमिनीची अम्लता वाढत गेली व उत्पादन अगदी खालावले. नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅशियम यांच्या जोडीला चुना किंवा शेणखत दिलेल्या वाफ्यांत ते टिकून राहिले. शिंबावंत पीक हवेतील नायट्रोजनावर वाढत असताना त्याच्या मुळांतून हायड्रोजन आयन बाहेर पडतात, त्यामुळेही जमीन हळूहळू अम्लधर्मी होते; आग्नेय ऑस्ट्रेलियातील क्लोव्हरच्या कुरणांत असे घडले आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हा परिणाम जाणवत नाही. दरवर्षी भरपूर फॉस्फेट दिल्याने ते साठत जाते व पिकाला जस्त मिळण्यात अडथळा येतो. केवळ फवारण्यांवर विसंबून अधिक उत्पादन काढल्यास त्या वाढीबरोबर जमिनीतून जाणारी इतर पोषकद्रव्ये भरून निघत नाहीत. फवारणी पिकाला पोसते, जमिनीला नव्हे.

खतवापराची स्थिती : भारतातील कडधान्यांचे सरासरी उत्पादन १९५०–५१ मध्ये हेक्टरी सु. ४४१ किग्रॅ. होते, ते २०२०–२१ मध्ये सु. ८८५ किग्रॅ. झाले, याच काळात गव्हाचे उत्पादन सु. ६६३ किग्रॅ. वरून सु. ३,५०० किग्रॅ. पर्यंत गेले. या तफावतीला कोरडवाहू व हलक्या जमिनी, घाटे अळीसारख्या किडी, मर रोग व सुधारित बियाण्यांचा तुटवडा ही कारणे आहेतच. असंतुलित पोषण हेही त्यांपैकी एक आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये फॉस्फेट व पोटॅश खतांच्या किंमतींवरील नियंत्रण उठविण्यात आले, युरियाची किंमत मात्र नियंत्रित राहिली. परिणामी ज्या खताची शिंबावंत पिकांना सर्वांत कमी गरज आहे, ते सर्वांत स्वस्त व ज्यांची गरज अधिक आहे, ती महाग अशी स्थिती निर्माण झाली. २०१० पासून लागू झालेल्या पोषकद्रव्याधारित अनुदान योजनेतूनही युरिया वगळण्यात आला.

अशा स्थितीत अल्प भांडवलाच्या कोरडवाहू शेतकऱ्याने खर्चाचा क्रम लावणे महत्त्वाचे ठरते. योग्य जंतूंचे संवर्धन चोळणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय. त्यानंतर मातीच्या परीक्षणानुसार बियाण्याखाली पेरून दिलेले फॉस्फेट, शक्यतो गंधकयुक्त खतातून, व त्याबरोबर नायट्रोजनाची अल्प मात्रा यांचा क्रम लागतो. जेथे जस्त, लोह किंवा मॉलिब्डेनम यांची उणीव सिद्ध झाली आहे, तेथे ती नेमकी भरून काढावी लागते. फुलोऱ्यातील फवारणी हा शेवटचा उपाय असून ओल कमी पडलेल्या किंवा खत पेरता न येणाऱ्या शेतातच तिचा खर्च निश्चितपणे भरून येतो. गाठी पांढऱ्या राहिलेल्या पिकावर कितीही फवारण्या केल्या, तरी गाठींकडून न मिळालेल्या नायट्रोजनाची भरपाई त्यांतून होत नाही.